दिवाळीचे पाहुणे येण्याआधी घराची पिन तपासा : कोकणातल्या होमस्टेवाल्यांना तातडीचं आवाहन

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावर ज्यांचं ज्यांचं घर, होमस्टे, कॉटेज किंवा भाड्याची खोली इंटरनेटवर नोंदवलेली आहे, त्या सगळ्यांना एक विनंती आहे, आणि तिला मुदत आहे. दसऱ्याच्या आत आपल्या नोंदीतली नकाशावरची खूण, म्हणजे आपण सगळे जिला पिन किंवा लोकेशन म्हणतो ती, उघडून बघा. चुकीच्या जागी असेल तर हलवा. नसेलच तर घाला.

दसराच का? कारण घट बसले की दिवाळीच्या बुकिंगचे फोन सुरू होतात. दसऱ्यानंतर भातकापणी लागते, आणि मग मोबाइल हातात घेऊन बसायला घरात कुणाला सवड नसते. त्यात नकाशावरची दुरुस्ती पाठवल्याबरोबर दिसत नाही. ती तपासली जाते. कधी तासाभरात होते, कधी दिवसच्या दिवस जातात, आणि पिन बरीच लांब सरकवली तर घर खरंच तिथे आहे ना याची नव्याने खातरजमा मागितली जाते. धनत्रयोदशीला आठवण होऊन उपयोग नाही.

चूक कशी होते ते आधी समजून घ्या, कारण बहुतेक घरांत ती कुणी मुद्दाम केलेली नसते. नोंद करताना आपण पत्ता लिहितो : अमुक वाडी, मुक्काम पोस्ट तमुक, तालुका दापोली. शहरातला इमारतीचा पत्ता संगणकाला सापडतो. वाडी सापडत नाही. मग तो गावाचा मध्य धरतो, तोही न सापडला तर पिनकोडच्या हद्दीचा मध्य, नाहीतर थेट तालुक्याचं ठिकाण. पिन तिथे टेकते आणि खाली हिरवी खूण येते, ‘पत्ता मिळाला’ म्हणून. आपण पुढच्या पानावर जातो. अशी एकाच गावातली सगळी घरं नकाशावर ग्रामपंचायतीच्या आवारात एकावर एक उभी राहिलेली दिसतात.

नावसाधर्म्य हा त्याहून मोठा घोळ. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात, महर्षी कर्व्यांचं मुरूड दापोली तालुक्यात. दोन्ही समुद्रकाठची, दोन्हीकडे पर्यटक, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या बागेतली घरं. सरळ रेषेत मोजलं तरी दोहोंत साठ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि मध्ये राजपुरी आणि बाणकोट या दोन मोठ्या खाड्या. पत्त्यात नुसतं ‘मुरूड बीच’ लिहिलं की संगणक यातलं कुठलंही एक उचलतो. नांदगाव, वडगाव, पिंपळगाव ही नावं महाराष्ट्रात किती आहेत ते सांगायला नको.

तिसरी तऱ्हा खास आपल्याकडची. घर गावाला, पण नोंद करणारा मुलगा डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात. रात्री जेवून झाल्यावर तो फॉर्म भरायला घेतो. फॉर्म विचारतो, ‘सध्याचं लोकेशन वापरू का?’ तो ‘हो’ म्हणतो. घर डोंबिवलीत नोंदवलं जातं. ही चूक निदान लगेच लक्षात येते. पाचशे मीटरची चूक लक्षात येत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि जास्त त्रास देते.

पाचशे मीटरनी काय बिघडतं, असं देशावरच्या माणसाने विचारलं तर ठीक आहे. कोकणात पाचशे मीटरमध्ये खाडी येते.

बाणकोटच्या खाडीचंच बघा. उत्तरेला बागमांडला आणि पुढे हरिहरेश्वर, दक्षिणेला वेसवी आणि वेळास. फेरीबोट असेल तर पाण्यावरून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. पिन चुकून पलीकडच्या काठावर पडली असेल आणि पाहुणे दिवस मावळल्यावर पोहोचले, तर घराचे दिवे समोर दिसतात आणि जाता येत नाही. शेवटची बोट गेलेली असते. मग आंबेतच्या पुलावरून वळसा, अंधारात, अनोळखी वळणांचा, मागच्या सीटवर उलटी होणारी मुलं. दाभोळ आणि धोपावे यांचीही तीच कथा, तिथे वळसा चिपळूणच्या बाजूने. जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, सगळीकडे हेच. सागरी महामार्गावरचे मोठे पूल होतील तेव्हा होतील. तोवर खाडीच्या कुठल्या काठाला पिन आहे, यावर पाहुण्यांची पूर्ण रात्र अवलंबून असते.

खाडी नसली तरी पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. रस्ता दाखवणारं ॲप काय करतं, तर पिनच्या सगळ्यांत जवळ जो रस्ता त्याला ठाऊक आहे, तिथवर गाडी नेतं. जवळ म्हणजे सरळ रेषेत जवळ. तुमच्या घराच्या दारात येणारा रस्ता शंभर मीटरवर असेल आणि मागच्या अंगाने, पऱ्याच्या पलीकडून जाणारा रस्ता साठ मीटरवर, तर ॲप बिनदिक्कत मागचा रस्ता निवडणार. गाडी येऊन थांबते ती घराच्या पाठीमागे. मध्ये पऱ्या, साकव नाही, चिऱ्याचा गडगा, आणि ॲप म्हणतं, ‘तुम्ही पोहोचलात.’ पावसाळा सरताना पऱ्याला पाणी असतंच.

म्हणून पिन घराच्या कौलांवर ठेवू नका. उपग्रहाच्या चित्रात छप्पर दिसतं, त्यावर पिन नेमकी टेकवायचा मोह होतो. ती बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी ठेवा, जिथे गाडी उभी राहते तिथे. घर पाखाडीने खाली उतरून असेल तर पाखाडीच्या तोंडाशी ठेवा आणि नोंदीत लिहा : इथे गाडी लावा, पुढे इतक्या पायऱ्या आहेत, सामान न्यायला माणूस पाठवतो. गुडघे दुखणाऱ्या आजी येणार असतील तर त्यांना हे आधीच कळलेलं बरं.

आता थोडं गंभीर. जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी रात्री नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावरून धरणाच्या पाण्यात गेली. पूल पाण्याखाली होता. दोघे बाहेर पडले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. तिथेही नकाशा पुढे जा म्हणत होता. या दोन्ही ठिकाणी चूक रस्त्याच्या नोंदीत होती, घराच्या पिनमध्ये नव्हती, हे खरं. पण अनोळखी माणसाला रात्रीच्या वेळी आडवाटेला कोण लावतं? बऱ्याचदा चुकीची पिनच. बंदरावरची उतरण आणि साधा रस्ता अंधारात काचेतून सारखेच दिसतात.

पाहुण्यांपुरताच हा प्रश्न नाही. घरातल्या कुणाला विंचू चावला, कुणाच्या छातीत कळ आली, तर १०८ला फोन करणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला ‘वरच्या आळीतून खाली, वडाच्या पाराकडून डावीकडे’ एवढंच सांगता येतं. पाहुणा असेल तर तेवढंही नाही. तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पडवीत, वायफायच्या पासवर्डशेजारी चिकटवा. ते काम आजच होण्यासारखं आहे.

तर हे आकडे. त्यांची भीती बाळगू नका. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. कोकणच्या किनाऱ्यावर तुम्ही कुठेही असलात तरी पहिल्या आकड्याचा टिंबाआधीचा भाग १५ ते २०च्या दरम्यान येतो आणि दुसरा ७२ किंवा ७३ने सुरू होतो. हरिहरेश्वर ढोबळमानाने १७.९९, ७३.०२. एवढं पाठ ठेवलं तर अर्ध्या चुका नजरेनेच पकडता येतात. आकडे उलटे पडले, ७३ आधी आणि १७ नंतर, तर हरिहरेश्वरचं घर नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन बसतं. काही संगणकप्रणाली आधी रेखांश मागतात, त्यामुळे हा गोंधळ जाणत्यांकडूनही होतो. दोन्ही रकाने रिकामे ठेवले आणि प्रणालीने त्यांत शून्य-शून्य भरलं, तर घर आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात.

अंश-मिनिटांची चूक जास्त फसवी. जुन्या कागदावर किंवा कुठल्याशा पुस्तकात अक्षांश १७ अंश ५९ मिनिटं असा असतो. माणूस फॉर्ममध्ये १७.५९ टाकतो. पण मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. १७ अंश ५९ मिनिटं म्हणजे १७.९८. या एका टिंबाने घर सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला सरकतं आणि हरिहरेश्वर दाभोळसमोर भर समुद्रात दिसतं. मिनिटांना साठने भागा, मग अंशात मिळवा. किंवा त्या वाटेला जाऊच नका, मोबाइलवरून दशांशातलाच आकडा घ्या.

टिंबानंतर किती आकडे हवेत? एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. त्या हिशेबाने दुसऱ्या आकड्याला किलोमीटरभर, चौथ्याला अकरा मीटर आणि पाचव्याला मीटरभर किंमत असते. पाच आकडे पुरे. त्यापुढचे आकडे दिसायला छान, पण मोबाइलच मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटर इकडेतिकडे करतो, त्यामुळे त्यांना अर्थ नाही. पन्नास-शंभर घरांची यादी एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या एजंटांनी मात्र इथे कान टवकारावेत. रकान्याला दोनच दशांश ठेवायची सवय असेल आणि तीच यादी पुढे चढवली, तर तुमचं प्रत्येक घर अर्धा-पाऊण किलोमीटरपर्यंत हललेलं असतं. प्रत्येक घर वेगळ्या दिशेला, म्हणजे नंतर सरसकट दुरुस्तीही करता येत नाही. आणि फॉर्ममध्ये आकडे इंग्रजीतच टाका. देवनागरी १ आणि ७ बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. चालायला हवेत, तो वेगळा वाद.

जाता जाता सांगतो. हिंदुस्थानची जमीन अक्षांश-रेखांशांत बसवायचं काम ज्याने १८०२ साली मद्रासहून सुरू केलं, तो विल्यम लॅम्ब्टन १८२३मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. थिओडोलाइट नावाचं अर्ध्या टनाचं मोजणीयंत्र घेऊन त्याची माणसं देवळांच्या शिखरांवर चढत होती. आपल्याला बेड्यापर्यंत चालत जायचं आहे.

कसं करायचं ते सांगतो. सकाळी, ढग नसताना, घराबाहेर पडा. माडांच्या गर्दीत किंवा पडवीत उभं राहून आकडा घेऊ नका, छताखाली आणि दाट झाडीत मोबाइल भरकटतो. बेड्यापाशी उघड्यावर उभे राहा. नकाशा उघडल्यावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसेल. ते आक्रसून लहान होईपर्यंत मिनिटभर थांबा. मग त्या जागेवर बोट दाबून धरा. लाल पिन येते आणि आकडे दिसतात. ते कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. उपग्रहाचं चित्र लावून एकदा ताडून बघा : पिन रस्त्याच्या कडेला, आपल्याच बेड्यापाशी आहे ना?

आता हा आकडा सगळीकडे न्यायचा, आणि लोक थकतात ते इथेच. गुगलवरची तुमच्या व्यवसायाची नोंद वेगळी, बुकिंगच्या प्रत्येक संकेतस्थळावरची वेगळी, भाच्याने करून दिलेल्या वेबसाइटवरचा नकाशा आणखी वेगळा. एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. ज्या ज्या ठिकाणाहून पाहुणा येतो, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन पिन ओढायची किंवा आकडे भरायचे. व्हॉट्सॲपवर पाहुण्यांना पाठवायचा जो तयार मेसेज असतो, त्यातली जुनी लिंकही बदला. ती हटकून विसरली जाते. नाव बदललं असेल, किंवा दोन भावांनी एकाच घराच्या दोन नोंदी केल्या असतील, तर जुनी नोंद काढून टाकायला सांगा. लोक जुनीच उघडतात, कारण तिच्यावर फोटो जास्त असतात.

पिनमागचा रस्ताच नकाशात नसेल तर तोही सुचवता येतो. गुगलला चूक कळवायची सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा २००४पासून चाललेला लोकांनी बनवलेला नकाशा आहे, त्यात तर कुणीही खातं उघडून पाणंद, पाखाडी, साकव स्वतः काढू शकतो. बरीच ॲप्स तोच नकाशा वापरतात. गावात कॉलेजात जाणारी जी मुलं असतील, त्यांच्यासाठी दोन रविवारांचं काम आहे.

काहींना हे कटू लागेल, पण लिहायलाच हवं. सगळ्या चुका अजाणता होत नाहीत. समुद्रापासून दोन किलोमीटर आत असलेलं घर नकाशावर पुळणीला टेकवायचं, म्हणजे ‘बीचजवळ’ शोधणाऱ्याला ते दिसतं. हे धंद्याचं डोकं नव्हे, ही फसवणूक आहे. पाहुणा एकदा येतो, आल्यावर अंतर कळतं, आणि तो जे लिहून जातो ते शेजारच्या प्रामाणिक घरालाही भोवतं. लोक मग गावाचंच नाव टाळतात. प्लॉट विकणाऱ्यांचा तर हा जुना खेळ. जाहिरातीतली पिन हमरस्त्यालगत, जमीन डोंगरामागे. विकत घेणाऱ्याने पिनवर विसंबू नये. गट नंबर मागावा, शासनाच्या भू-नकाशावर तो गट कुठे पडतो ते पाहावं, जागेवर जावं. आणि हद्दीसाठी मोबाइलचा आकडा कधीच पुरावा नसतो, तिथे भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

एका बाबतीत मात्र पिन उघड न ठेवणं योग्य. घरात एकटी बाई पाहुण्यांचं करत असेल, किंवा वर्षातले आठ महिने घर बंद असेल, तर नेमकी जागा सगळ्या जगाला दाखवायची गरज नाही. काही संकेतस्थळं बुकिंग पक्कं होईपर्यंत नुसतं अंदाजे वर्तुळ दाखवतात. ती सोय वापरा. पण आत भरलेला खरा आकडा बरोबरच हवा, कारण पैसे भरल्यावर पाहुण्याला तोच जातो.

ज्यांना मोबाइलचं हे सगळं झेपत नाही, अशी घरं प्रत्येक वाडीत आहेत. एकट्या काकू आहेत, ज्यांचं मोदकाचं जेवण जेवायला लोक लांबून येतात आणि ज्यांना लिस्टिंग म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांचं काम कुणी करायचं? नवरात्रात जी मुलं देवळात जमतात त्यांनी. आरती आटोपली की चार घरं वाटून घ्या. ग्रामपंचायतीने होमस्टेंची यादी लावली असेल तर नावापुढे आकड्यांचा एक रकाना वाढवावा. निवास-न्याहारीची नोंदणी असलेल्यांनी तिथल्या कागदांवरचा पत्ताही पडताळावा. पत्त्यावरून आठवलं : देशाला पिनकोड दिला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, १९७२च्या १५ ऑगस्टला, आणि ते मूळचे कोकणातले. टपाल खात्याने २०२५मध्ये त्यापुढे जाऊन डिजिपिन आणला : साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा प्रत्येक चौकोन, त्याला दहा अक्षर-अंकांचा संकेत. तोही अक्षांश-रेखांशांवरूनच निघतो. म्हणजे आज घेतलेला आकडा उद्या तिथेही उपयोगी पडेल.

चाकरमान्यांनो, गणपतीत तुम्ही गावी होतात, तेव्हा राहून गेलं असेल. आता घरी फोन करून आकडा मागवा आणि भरायचं काम तुम्ही करा. पण आकडा तिथे उभं राहिलेल्या माणसाकडूनच घ्या, बोरिवलीत बसून उपग्रहाच्या चित्रावर अंदाजाने बोट टेकवू नका. माडांखालची सगळी छपरं वरून सारखी दिसतात.

आणि पाहुण्यांनो, तुमच्याकडेही थोडं मागणं आहे. कुठे चुकलात तर नुसते दोन तारे देऊन निघून जाऊ नका. मालकाला कुठे चुकलात ते दाखवा, आपल्या मोबाइलवरून तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवा. निघण्याआधी फोन करून विचारा : खाडीच्या कुठल्या बाजूला, शेवटची बोट किती वाजता, गाडी कुठवर येते. दिवस मावळल्यावर ॲप पाण्याच्या दिशेने वळ म्हणालं तर थांबा, गाडी बंद करा, वस्तीवर विचारा. कोकणात रात्री दार वाजवलं तर कुणी रागावत नाही.

दुरुस्ती झाली की एक शेवटची तपासणी करा. स्वतःच्या मोबाइलवर नको, त्याला तुमचं घर आधीच माहीत असतं. गावात कधी न आलेल्या कुणालातरी एसटी थांब्यावर उभं करा, तुमची नोंद उघडून द्या आणि म्हणा, ये आता. तो बेड्यापाशी आला तर ठीक. पऱ्यापलीकडून हाका मारायला लागला तर पिन पुन्हा ओढा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.